माझगावचे चिनी देऊळ आणि चार तालुक्यांची गावकी

आजचा धागा एका अशा देवळाविषयी आहे, ज्याला शिखर नाही, दीपमाळ नाही आणि नगारखानाही नाही. मुंबईच्या हार्बर मार्गावर डॉकयार्ड रोड स्थानकात उतरून नवाब टँक रस्त्याकडे चालू लागले, की माझगावच्या जुन्या घरांच्या रांगेत एक साधे दुमजली घर लागते. ठाऊक नसेल तर माणूस त्यावरून सरळ पुढे निघून जाईल. हे ‘सी यिप कून’, क्वान कुंग या चिनी लोकदेवतेचे मंदिर. स्थापना १९१९ सालची. मुंबईत आज उरलेले हे एकमेव चिनी देऊळ.

पुण्याच्या वाचकांना माझगावच्या या घराचे अगत्य का वाटावे, असा प्रश्न कोणी विचारील. आपण पुणेकर इतिहास शतकांत मोजतो. पाताळेश्वराच्या खालचे काही आम्हांस सहसा जुने वाटत नाही, आणि पेशवाईनंतरचे ते सगळे ‘अलीकडचे’. तेव्हा आधी पुण्याचाच धागा हाती घेऊ.

बंड गार्डनचा बंधारा आपल्याला ठाऊक आहे. मुळा-मुठेवरच्या या बंधाऱ्यासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मोठी देणगी दिली. तो १८५० साली पुरा झाला. ससून रुग्णालय आपल्याला ठाऊक आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिलेली ती इमारत १८६७ची. ससून यांचे निधन १८६४ साली पुण्यातच झाले आणि त्यांची समाधी लाल देवळाच्या आवारात आहे. या दोन्ही घराण्यांच्या संपत्तीत चीनच्या व्यापाराचा वाटा फार मोठा होता, आणि त्या व्यापारात कापसाबरोबर माळव्याची अफू होती. मुंबई बंदरातून पेट्या भरून ती कँटनकडे जाई. अफू चीनमध्ये उतरवण्याच्या हट्टापायी १८३९ ते १८४२ या काळात इंग्रजांनी चीनशी युद्ध केले आणि नानकिंगच्या तहाने हाँगकाँग पदरात पाडून घेतले. सारांश, चीन पुण्यापासून वाटतो तितका दूर कधीच नव्हता. आपल्या शहरातील रुग्णांच्या खाटा आणि नदीवरचे पाणी, दोन्हींच्या हिशेबात तो कोठेतरी मांडलेला आहे.

महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी ‘चायनामन फॉल’ हे नाव ऐकले असेल. मलायाकडील इंग्रजी वसाहतींतून आणलेल्या चिनी व मलाई कैद्यांसाठी तेथे एक तुरुंग होता. तो १८६४ साली बंद झाला. या कैद्यांनी तेथे बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे फुलवले. ती स्वतंत्र आणि विलक्षण कथा आहे, तिच्यासाठी स्वतंत्र धागा हवा.

माझगावला आलेले चिनी मात्र कैदी नव्हते. ज्या जहाजांनी मुंबईहून माल नेला, त्यांच्यावरच माणसेही येऊ-जाऊ लागली. खलाशी, सुतार, पुढे चर्मकार, दंतवैद्य, खानावळवाले, छोटे व्यापारी. माझगावची गोदी जवळ, कामाठीपुऱ्यातील शुक्लाजी स्ट्रीटचा परिसरही फार लांब नाही. या पट्ट्यात त्यांची वस्ती वाढली.

‘सी यिप’ म्हणजे काय, हे कळल्याशिवाय देऊळ कळत नाही. कँटनी बोलीत त्याचा अर्थ ‘चार तालुके’. चीनच्या दक्षिणेकडील ग्वांगडोंग प्रांतात समुद्राजवळ शिन्हुई, ताइशान, काइपिंग आणि एनपिंग हे चार शेजारी तालुके आहेत. डोंगराळ मुलूख, जमीन थोडी, माणसे फार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ताइपिंगचे बंड आणि स्थानिक वंशकलह यांनी तो होरपळून निघाला. तेव्हापासून इथल्या पुरुषांनी बोचकी बांधली. १८४९च्या सुमारास ते कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे गेले, दोन-तीन वर्षांत ऑस्ट्रेलियाला पोचले, मग मलाया, ब्रह्मदेश, कलकत्ता, मुंबई. आणि ‘कून’ म्हणजे सभागृह, उतरण्याची जागा. ‘सी यिप कून’ म्हणजे चार तालुक्यांच्या लोकांचे घर. पाटीवर देवाच्या आधी तालुक्यांचे नाव आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

येथे मला माझ्या आजोबांची खोली आठवते. ते राजापूर तालुक्यातून लालबागच्या गिरणीत कामाला आले तेव्हा उतरले ते ‘गावकीच्या खोलीत’. एका गावच्या वीस-पंचवीस पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली एक खोली. भिंतीला ट्रंका, खुंटीला सदरे, आणि कोनाड्यात ग्रामदेवतेची तसबीर. दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच चटईवर पाठ टेकणार. नवा पोरगा गावाहून आला, की त्याला नोकरी लागेपर्यंत जेवण गावकीचे. कोणी आजारी पडला तर गावाला पोचवायचा खर्च गावकीचा. कोणी मेला तर लाकडेही गावकीचीच. दोघांचे भांडण झाले तर निकाल त्या तसबिरीसमोर होई आणि तो पोलीस चौकीपेक्षा अधिक मानला जाई. आजोबा सांगत, की खोलीचे भाडे थकले तरी चाले, पण देवापुढचा दिवा थकता कामा नये.

गोव्याच्या खलाशांचे ‘कूड’ याच जातीचे. धोबीतलाव आणि माझगाव भागात गोव्यातील गावोगावच्या लोकांनी असे क्लब चालवले. जहाजावरून उतरलेला तारवटी पुढची नोकरी मिळेपर्यंत आपल्या गावच्या कुडात राहणार. तेथे गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायचा रोझरीचा पाठ. म्हणजे एकाच शहरात, बरेचदा एकाच वस्तीत, कोकणातला गिरणी कामगार, गोव्याचा तारवटी आणि ताइशानचा खलाशी या तिघांनी परमुलखाचे कोडे एकाच रीतीने सोडवले होते. गावचे लोक एकत्र करायचे, गावचा देव मध्ये ठेवायचा आणि त्याच्या साक्षीने पैशाचा व माणसांचा व्यवहार चालवायचा. परस्परांची भाषाही कळत नसताना त्यांनी हे केले.

सी यिप लोकांनी जगभर हेच केले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळचे त्यांचे देऊळ १८६६ सालचे आहे, कलकत्त्यातील १९०५ सालचे. मुंबईचे १९१९. तो काळच विलक्षण होता: त्या वर्षाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला, आणि मे महिन्याच्या चौथ्या दिवशी पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर आले, ज्यातून नव्या चीनची राजकीय जाण घडली. माझगावच्या लोकांनी त्या वर्षी देव बसवला.

परदेशी गेलेली ही माणसे घरी पैसे कसे धाडीत, हेही पाहण्यासारखे आहे. पत्र आणि रक्कम एकत्र पाठवण्याची त्यांची एक पद्धत होती. विश्वासातला माणूस किंवा पेढी ते घेऊन जाई आणि पोचल्याची चिठ्ठी उलट आणून देई. या पत्रांचा संग्रह २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिलेखांच्या यादीत गेला. त्याच पैशातून काइपिंगच्या शेतांमध्ये उंच, तटबंद, अर्ध्या युरोपीय थाटाचे मनोरे उभे राहिले. ते २००७पासून जागतिक वारसा आहेत. कोकणात मनीऑर्डरीवर उभी राहिलेली चिरेबंदी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या मनोऱ्यांचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

आता देवाकडे वळू. क्वान कुंग हा मुळात माणूस होता. ग्वान यू हे त्याचे नाव. हान साम्राज्य कोसळत असताना लिऊ पेई या सरदाराच्या पदरी असलेला हा सेनानी इ. स. २२०च्या सुमारास शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. नेमक्या त्याच सुमारास आपल्याकडे सातवाहनांची सत्ता मावळत होती, ही गोष्ट मला नेहमी गंमतीची वाटते. तिसऱ्या शतकातल्या चिनी बखरकाराने त्याचे चरित्र थोडक्यात लिहिले आणि त्यात त्याच्या शौर्याबरोबर त्याचा गर्वही नोंदवला. पुढे अकराशे वर्षे लोककथा, नाटके आणि कथेकऱ्यांनी त्याला मोठे केले. चौदाव्या शतकातील ‘तीन राज्यांची कथा’ या कादंबरीने त्याचे रूप कायमचे ठरवले. लालभडक चेहरा, छातीवर रुळणारी दाढी, हिरवा झगा, हातात लांब दांड्याचे चंद्रकोरी पाते. १६१४ साली मिंग दरबाराने तर त्याला ‘सम्राट’ ही पदवी दिली. मेल्यानंतर चौदाशे वर्षांनी सेनानीचा सम्राट झाला!

मेलेल्या वीराचा देव होणे यात मराठी माणसाला नवल वाटू नये. गावाबाहेर शेंदूर फासलेले वीरगळ आपण पाहतो. कुठल्याशा चकमकीत पडलेला कोणी अनाम शिपाई आज शिवाराची राखण करतो. आरवलीचा वेतोबा रात्री गावात फेरी घालतो म्हणून त्याला भल्या मोठ्या चपला वाहतात. क्वान कुंग त्यांच्याच भाऊबंदांतला. फरक एवढाच, की याचा वीरगळ साम्राज्यभर पसरला.

पण तलवारीच्या देवाला व्यापारी आणि खलाशी का भजतात? याचे उत्तर त्याच्या कथेत आहे. ग्वान यूने दोन मित्रांबरोबर एका बागेत बंधुत्वाची शपथ घेतली होती. पुढे तो शत्रूच्या ताब्यात असताना त्याला सोने, घोडे, पदव्या देऊ केल्या गेल्या. त्याने मिळालेल्या भेटी मोहोरबंद करून तशाच ठेवल्या आणि संधी मिळताच आपल्या भावाकडे परत गेला. शब्द पाळणारा, आणि परक्याच्या पैशाला हात न लावणारा देव! ज्यांच्यात ना करारपत्र होते, ना न्यायालयात जाण्याची ऐपत, अशा माणसांना यापेक्षा अधिक उपयोगी देव कोणता? त्याच्यासमोर उसने दिलेले पैसे परत येत. हाँगकाँगमध्ये पोलीस आणि गुंडांच्या टोळ्या दोघेही याच देवाला भजतात, कारण निष्ठेची गरज दोघांनाही सारखीच. हा विनोद नव्हे, वस्तुस्थिती आहे.

हा धर्म कोणता, असे विचारणाऱ्यांची अडचण होते. यात बौद्ध आहे, ताओ आहे, कन्फ्यूशियसची नीती आहे आणि यांतले नेमके काहीच नाही. अभ्यासक त्याला चिनी लोकधर्म म्हणतात. ग्रंथ नाही, दीक्षा नाही, धर्मगुरूची उतरंड नाही. आपल्याकडे ग्रामदैवतांचा धर्म कोणता, असा प्रश्न जनगणनेच्या कारकुनाला पडतो. म्हसोबाला कधीच पडत नाही.

जिना चढून मी वर गेलो तेव्हा सकाळची वेळ होती आणि आत फक्त उदबत्तीचा वास होता. डोळ्यांवर आधी येतो तो लाल रंग, मग सोनेरी अक्षरे. मूठभर उदबत्त्या पेटवायच्या, तीनदा वाकायचे, त्या राखेने भरलेल्या पात्रात खोवायच्या. वाकणे, धूर, राख, यांत मला परके असे काही आढळले नाही. सर्वांत ओळखीचा वाटला तो कौल. चिनी देवळांत बांबूच्या नळीत आकडे घातलेल्या काड्या असतात. गुडघे टेकून मनातला प्रश्न धरायचा आणि नळी हलवत राहायचे. एक काडी निसटून खाली पडेल, तिच्या आकड्याचा श्लोक काढून वाचायचा. देवाला हे उत्तर खरोखर द्यायचे आहे का, हे ताडण्यासाठी चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे टाकण्याचीही रीत आहे. कोकणात गुरव देवाच्या अंगाला कळे चिकटवतो, उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. समुद्रावर जाऊ की नको, ही मुलगी करू की नको, जमीन विकू की नको: काडीला काय आणि कळ्याला काय, विचारले जाणारे प्रश्न तेच.

या वास्तूत क्वान यिन या करुणेच्या देवीचेही स्थान आहे, आणि इतिहासप्रेमींनी खरे थांबावे ते तिच्यापाशी. क्वान यिन म्हणजे अवलोकितेश्वर. आपल्या लेण्यांतला, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात त्याचा एक भव्य शिल्पपट आहे: भक्तांवर आलेली आठ महासंकटे आणि त्यांतून सोडवणारा तो. आग, चोर, सिंह, सर्प, हत्ती आणि त्यांच्यातच एक बुडते गलबत. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातही असा पट आहे. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतले व्यापारी या लेण्यांचे दाते होते, त्यांना गलबत बुडण्याचे भय कोणी शिकवायला नको होते. हाच बोधिसत्त्व ग्रंथांतून आणि भिक्षूंबरोबर चीनला गेला. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचे चिनी भाषांतर केले, त्यातल्या एका अध्यायाने त्याचे नाव घराघरांत पोचवले. सहाव्या-सातव्या शतकांनंतर हळूहळू त्याचे रूप बदलत गेले आणि तेथे तो शुभ्रवस्त्रा देवी झाला. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर खलाशी तिची करुणा भाकू लागले. आणि मग त्यांच्यापैकी काही माणसे जहाजावरून माझगावला उतरली, तिला सोबत घेऊन. कान्हेरीपासून माझगावपर्यंत आज लोकलने तास-दीड तास लागतो. देवाला मात्र ते अंतर कापायला चौदाशे वर्षे लागली, आणि वाटेत देवाची देवी झाली.

असा प्रवास मला कोणत्याही ताम्रपटापेक्षा कमी मोलाचा वाटत नाही. तो कोरलेला नाही, इतकेच.

यानंतरचा भाग लिहिताना हात जड होतो. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने सीमेवर आक्रमण केले. महिन्याभरात युद्ध संपले. भारतातील चिनी वंशाच्या लोकांचे हाल मात्र तेव्हा सुरू झाले. नवे वटहुकूम आणि कायदे आले. आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडची कुटुंबेच्या कुटुंबे आगगाडीत बसवून राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेली गेली. सुमारे तीन हजार माणसे. त्यांत म्हातारे, बायका, भारतातच जन्मलेली मुले. काहींची सुटका व्हायला १९६७ साल उजाडले. इंग्रजांनी याच देवळीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जयप्रकाश नारायण आणि कॉम्रेड डांगे यांना डांबले होते. स्वतंत्र भारताने ती जागा पुन्हा वापरली, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

युद्धातील जवानांचे बलिदान आणि सरकारचा त्या वेळचा धसका मी विसरत नाही. पण ज्यांचे आजोबा कँटनहून आले आणि जे स्वतः माझगावात वाढले, त्यांचा हिमालयातल्या आघाडीशी काय संबंध होता? त्यांना गाव सोडताना पोलिसांची परवानगी घ्यावी लागे. ज्या देशाने सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची चीनमधील सेवा आणि १९४२ सालचा मृत्यू अभिमानाने मिरवला, ज्यांच्यावर शांतारामबापूंनी १९४६ साली चित्रपट काढला, त्याच देशात वीस वर्षांनी चिनी चेहरा हा गुन्हा ठरला. पुष्कळ कुटुंबे हाँगकाँग, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला निघून गेली. दुकाने बंद झाली, शुक्लाजी स्ट्रीटवरचा चिनी मोहल्ला विरळ होत गेला. आज मराठीत ‘चायनीज’ हा शब्द उच्चारला की कोपऱ्यावरची लाल गाडी आणि शेजवान चटणी आठवते. त्या शब्दाची माणसेही होती, याचे स्मरण उरलेले नाही.

देऊळ मात्र राहिले. एका चिनी कुटुंबाने पिढ्यानपिढ्या त्याची देखभाल केली. ज्या खलाशांसाठी ते उभारले, ते गेले, त्यांची जहाजेही भंगारात गेली. म्हणून या घराचे महत्त्व वाढते, असे माझे मत आहे. वास्तुशास्त्राच्या कसोटीवर ते मोठे नाही. पण मुंबईत एके काळी चार तालुक्यांची एक गावकी नांदत होती, याचा हा जवळजवळ शेवटचा जिवंत पुरावा आहे. दुसरा पुरावा अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीत आहे आणि तो मूक आहे.

जाण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. चिनी पंचांग आपल्यासारखेच चंद्र आणि सूर्य दोघांनाही सांभाळणारे. त्यातही अधिक मास येतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. त्यामुळे त्यांचे नववर्ष बहुधा आपल्या पौष अमावास्येच्या आगेमागे सुरू होते. त्या रात्री देऊळ उजळते, विखुरलेली कुटुंबे एकत्र येतात, गल्लीत सिंहनृत्य होते. शरदातला चंद्रोत्सव त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतो. काही वर्षी ती भाद्रपदात पडते, तर काही वर्षी, जसे २०२५ मध्ये, नेमकी कोजागरीला. एरवीच्या दिवशी जाणार असाल तर सकाळी जा. हे संग्रहालय नाही, लोकांचे देवघर आहे. विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका, आणि काड्यांची नळी हाती दिलीच तर मनात एक खरा प्रश्न असू द्या. पहाटेच्या गाडीने पुण्याहून निघालात तर एकाच दिवसात दोन्ही साधते: आधी बोरिवलीला उतरून कान्हेरीची एक्केचाळिसावी लेणी, जेथे अकरा मुखांचा अवलोकितेश्वर उभा आहे, आणि परतताना माझगाव.